शुक्रवारची तिकिटं

थोरलीने मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तिचा शाळेतला निबंध मला वाचून दाखवला. विषय होता, आजोबांबरोबरची शेवटची सहल. इंग्रजी छान होतं. दोन ठिकाणी मी स्वल्पविराम सुचवले, ते तिने लगेच घातले. पण त्यात एक वाक्य होतं : आजोबा थकले म्हणून आम्हाला हिमनदीवर जाता आलं नाही. त्या वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती, म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही.

ते वाक्य खरं नाही. आजोबा थकले हे खरं, पण बर्फावर जाता आलं नाही ते माझ्यामुळे. ते कसं झालं हे मी क्रमाने लिहून ठेवते आहे. मराठीत लिहिते आहे, म्हणजे तुम्हा दोघा नातवंडांना ते बाबांकडून वाचून घ्यावं लागेल आणि बाबांना ते मोठ्याने वाचावं लागेल. इंग्रजीत लिहिणं सोपं होतं. इथे बहरीनच्या शाळेत तीस वर्षं मी तेच शिकवलं. पण इंग्रजीत मी आयुष्यभर अर्ज, रिपोर्ट आणि पालकांना पत्रं लिहिली. 'वुई रिग्रेट' हे शब्द इतक्यांदा टाइप केले आहेत की ते आता मला स्वतःसाठी वापरता येत नाहीत.

तुमचे आजोबा बर्फ करत असत. सलमाबादला, टायरचं गोदाम आणि कामगारांच्या खोल्या यांच्या मधे बर्फाचा एक कारखाना होता. रत्नागिरीहून आले ते तिथे फिटर म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. लोखंडी डब्यांत गोडं पाणी भरायचं, ते डबे गार केलेल्या मिठाच्या पाण्याच्या हौदात सोडायचे, लाद्या जमल्या की वर काढायच्या आणि माशांच्या बोटींसाठी फोडून द्यायच्या. बाहेर रस्त्याचं डांबर मऊ झालेलं असायचं आणि आत आजोबा लोकरीची टोपी घालून उभे. घरी आले की कपड्यांना अमोनियाचा वास यायचा. कपड्यांतला वास मी साबणाने घालवला. छातीत गेलेला राहिला.

चांगली लादी काचेसारखी आरपार दिसते. घाईने जमवली तर आत हवा अडकते आणि ती मधे पांढरी पडते. हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं, कारण कुणाकडे सरबत दिलं तरी आजोबा ग्लासातला खडा चमच्यावर घेऊन उजेडात धरायचे. "घाई केली मेल्यांनी," असं म्हणायचे. मी टेबलाखालून पायाने ढोसायची.

तर या माणसाने एकदा टीव्हीवर डोंगरातलं हिमक्षेत्र पाहिलं. मैलोन् मैल बर्फ, त्यातून खाली उतरणाऱ्या हिमनद्या आणि भेगांमधला निळा रंग. "निळा का माहितेय?" ते म्हणाले, "आत हवाच उरली नाही गो. शेकडो वर्षं दाबलाय. असा बर्फ करायची कुणाची टाप नाही." मग थोड्या वेळाने म्हणाले, "मला एकदा असा बर्फ बघायचाय जो कुणी केलेला नाही."

"बघून काय करणार?"

"हात लावणार."

एवढीच त्यांची इच्छा होती. आणि ती आम्ही पुढे ढकलत गेलो. ढकलत मी गेले, असंच लिहिते. कंपनी दोन वर्षांनी रजा द्यायची आणि तिकीट गावचं द्यायची. गल्फमधल्या माणसाची रजा त्याची नसते, गावाची असते. एका रजेत गावच्या घराचा स्लॅब टाकला, एका रजेत नणंदेचं लग्न, एका रजेत सासूबाईंचं आजारपण. मी प्रत्येक रजेआधी कामांची यादी करायची आणि तिच्यात बर्फ कधी बसायचा नाही. "पुढच्या रजेत," मी म्हणायची. आजोबा म्हणायचे, "इंशाल्ला," आणि हसायचे. मग तुमचे बाबा कॅनडात गेले आणि ते हिमक्षेत्र त्यांच्या घरापासून मोटारीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर निघालं. तरीही वर्षं गेली. धाकट्याच्या वेळी तुमच्या आईच्या बाळंतपणाला मी एकटीच आले, कारण कारखान्यात त्यांच्या जागी उभं राहायला माणूस नव्हता.

शेवटी दोन उन्हाळ्यांपूर्वी आम्ही दोघं निघालो, तेव्हा आजोबांच्या खिशात बोटाला लावायचं ते छोटं यंत्र असायचं. रक्तात प्राणवायू किती आहे ते सांगणारं. डॉक्टरांनी बजावलं होतं की विमानाने जा, गाडीत बसून काय हवं ते बघा, पण चढ चढायचा नाही. म्हणून सगळी भिस्त एका बसवर होती. तिथे माणसाच्या उंचीची चाकं असलेली एक बस थेट हिमनदीवर नेते आणि बर्फावरच उतरवते. तुमच्या बाबांनी दोन महिने आधी तिची सहा तिकिटं काढली. शुक्रवारची.

ते सांगायला त्यांनी फोन केला तेव्हा मी इथे, जुफैरच्या स्वयंपाकघरात, भाजी निवडत होते.

"शुक्रवारी?" मी म्हटलं. "शुक्रवारी सगळं गाव बाहेर पडतं. रविवार घे. कामाचा दिवस, निवांत असेल."

हे तुम्हाला विचित्र वाटेल. बहरीनमध्ये सुट्टी शुक्रवारी आणि शनिवारी. आठवडा रविवारी सुरू होतो. तीस वर्षं दर रविवारी सकाळी पावणेसातला मी शाळेच्या गेटवर उभी असायची. शुक्रवार म्हटला की माझ्या डोळ्यांसमोर अदलियाच्या हॉटेलांपाशी पार्किंगसाठी मारलेल्या फेऱ्या येतात आणि रविवार म्हटला की रिकामं दुकान. कॅनडात रविवारी सुट्टी असते हे मला माहीत नव्हतं असं नाही. पहिलीच्या मुलांना मी 'संडे इज अ हॉलिडे' वाचायला शिकवलं आहे. पण बेत आखणारं डोकं वेगळं असतं. ते इतकी वर्षं इथे राहून इथलं झालं होतं, आणि त्याने मला विचारलंच नाही.

बाबा म्हणाले, "आई, रविवारी फुल दाखवतंय."

"वेबसाइटवर असंच दाखवतात. काउंटरवर जाऊन उभं राहिलं की मिळतं." इथे मिळतं.

"शुक्रवारची रद्द करू? नक्की?"

"मी कधी अनक्की बोलते का?"

"नाही मॅडम," ते म्हणाले. सातवीत ते माझ्याच वर्गात होते. तेव्हापासून मी अशी बोलले की ते मला मॅडम म्हणतात आणि पुढे वाद घालत नाहीत. ते ऑफिसात होते, मागे कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. त्यांनी तिकिटं रद्द केली.

आम्ही कॅनडात पोहोचलो. तुमच्या आईने शुक्रवारची रजा टाकली होती ती मागे घेतली आणि ऑफिसला गेली. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. उलट त्या शुक्रवारी बाबांबरोबर थर्मास आणायला गेलो, दुकानात शुकशुकाट होता, आणि मी समाधानाने म्हटलं, "बघ, सगळे तिकडे गेलेत."

रविवारी पहाटे निघालो. आजोबा पुढे बाबांशेजारी, टोपी गुडघ्यावर ठेवून. डोंगर सुरू झाले तसे ते काचेला नाक लावून बसले. रस्ता मात्र पुढे भरत गेला. गाड्यांमागे गाड्या, टपांवर सायकली आणि होड्या.

"एवढी माणसं?" मी म्हटलं. "यांना कामं नाहीत का?"

"इट्स संडे, आजी," धाकटा म्हणाला.

तुमची आई मागे माझ्या शेजारी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर बघायला लागली. मला कळलं ते तिथे. अजून दोन तासांचा रस्ता बाकी होता आणि दोन तास मी गप्प बसले. काहीतरी होईल, काउंटरवर एखादा भला माणूस भेटेल, असं मनात घोळवत राहिले.

काउंटरवरची मुलगी भली होती. तिने दोनदा तपासलं. बंद होईपर्यंतच्या सगळ्या बस भरल्या होत्या, आमच्या आधी वाट बघणाऱ्यांचीच रांग दारापर्यंत होती.

"मफी?" आजोबांनी विचारलं, म्हणजे नाहीच का.

"मफी, बाबा," तुमचे बाबा म्हणाले.

"इंजिनिअर ना तू? महिनाभर आधी तिकिटं काढायची अक्कल नाही? माझ्या हाताखाली फिटर असतास तर दुसऱ्या दिवशी गावाला पाठवला असता." आजोबा थट्टेनेच बोलायला लागले होते, पण शेवटी शेवटी त्यांचा आवाज थट्टेचा राहिला नाही. काचेपलीकडे ती हिमनदी दिसत होती. एक बस तिच्यावरून मुंगीसारखी चढत होती.

तुमच्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी औषधांच्या पिशवीची चेन लावत होते. ती लागलेली होती, तरी मी लावत राहिले.

"चुकलं, बाबा," ते म्हणाले.

मग पायवाटेने जाऊ या असं ठरलं. जमेल तेवढं चालू. ती वाट हिमनदीच्या तोंडापर्यंत जाते, पण ती सगळी खडीची आहे आणि चढाची. तिच्या कडेने पाट्या आहेत. अमुक वर्षी बर्फ इथपर्यंत होता, तमुक वर्षी इथपर्यंत. थोरली पुढे पळत पाट्या मोठ्याने वाचत होती. पहिली पाटी आजोबांच्या वडिलांच्या काळातली होती. तिच्याभोवती आता गवत आणि झुडपं. आजोबा प्रत्येक पाटीशी थांबत होते. वाचायला नाही, श्वासासाठी, पण वाचल्यासारखं करत होते. आमच्या लग्नाच्या सुमाराची पाटी गेली. मग तुमच्या बाबांच्या जन्मवर्षाजवळची आली आणि तिथे ते एका दगडावर बसले.

तिथून बर्फ दिसत होता. टीव्हीत दिसतो तसा नाही. ओल्या सिमेंटच्या रंगाचा, धुळीने माखलेला, आणि लांब. बाबांचा जन्म झाला त्या वर्षी जिथे हात लावता आला असता, तिथे बसून आजोबा लांबच्या बर्फाकडे बघत होते. यंत्र बोटाला लावलं, आकडा पाहिला, आणि मला न दाखवता खिशात ठेवलं.

"तुम्ही जा. खलास, माझं एवढंच. माझ्या वतीने हात लावून या."

तुमची आई त्यांच्याजवळ थांबली. आपण चौघं पुढे गेलो. मी मनात हिशेब करत होते. स्लॅबची रजा, लग्नाची रजा, आजारपणाची रजा. एकेका पाटीच्या मधल्या अंतरात आमच्या दोन दोन रजा जात होत्या. कुठल्याही एका रजेत आलो असतो तर त्यांच्या पायांनी त्यांना तिथवर नेलं असतं, आणि बर्फही अलीकडे असता.

वाट संपली तिथे दोरी होती. दोरीपलीकडे दुधाळ, राखी पाण्याचा ओढा आणि त्याच्यापलीकडे बर्फ. भेगांत निळा होता. पुढे जाऊ नका, असं लिहिलं होतं. बर्फाखाली पोकळ्या असतात, माणूस आत गेला तर सापडत नाही. काही लोक दोरी ओलांडून फोटो काढत होते. धाकटा खाली वाकून निघालाच होता, मी त्याची कॉलर धरली.

"बाकीचे जातायत, आई," बाबा हळूच म्हणाले.

"जाऊ देत."

त्याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. तुम्हाला मी पुन्हा धरीन. पण मागे वळताना माझ्या लक्षात आलं की दोरी न ओलांडता चालत येऊन कुणालाच त्या बर्फाला हात लावता आला नसता. आता बसशिवाय तो कुणाला मिळत नाही, आणि बसचा रस्ताही दरवर्षी वर सरकवावा लागतो असं एक बाई सांगत होती. तुम्ही माझ्या वयाचे व्हाल तेव्हा तिथे पाट्याच असतील. हे वाचून तुम्हाला धीर वाटावा असं काही मला सुचत नाही, म्हणून लिहीत नाही.

परतताना थोरली म्हणाली की आपण आजोबांना सांगू या, हात लावला म्हणून. कुणी नाही म्हटलं नाही.

"आजोबा, वी टच्ड इट!"

आजोबांनी तिचा तळवा आपल्या दोन्ही हातांत घेतला. थोडा वेळ धरून ठेवला. बर्फातून निघालेला हात कसा असतो हे त्या माणसाला चाळीस वर्षं माहीत होतं. "मस्त," ते म्हणाले. मग धाकट्याकडे बघून, "तू पण?"

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला. मराठीत. आजोबांनी त्याची टोपी नीट केली आणि उठायला हात मागितला.

बहरीनला परत आल्यावर ओळखीचे लोक भेटायला यायचे. आजोबांच्या गावाकडचे एक चाचा, कारखान्यातले जुने सहकारी, दर शुक्रवारी यायचे. आजोबा त्यांना सहलीची गोष्ट सांगायचे आणि ती हळूहळू विनोदी होत गेली. "आमचा लेक इंजिनिअर. पूल बांधतो. पण बापाला बसचं तिकीट काढायचं जमलं नाही."

"आजकालची पोरं अशीच, भाऊ," चाचा म्हणायचे. "माझा तर फोनपण उचलत नाही."

मी चहा आणून ठेवायची. पाहुणे गेले की सांगू, असं ठरवायची. पाहुणे गेले की आजोबांना धाप लागलेली असायची आणि अशा वेळी त्यांना त्रास नको असं वाटायचं. धाप नसायची तेव्हा वाटायचं, आता बरं चाललंय, कशाला काढा. मग इतके महिने गेले की न सांगण्याचीच वेगळी कबुली द्यावी लागली असती. फोनवर ते बाबांना डिवचायचे आणि बाबा पलीकडून हसायचे. स्पीकर चालू असायचा. मला दोघंही ऐकू यायचे.

होळीनंतर त्यांना हॉस्पिटलात ठेवलं. पाणी मोजून द्यायचे, म्हणून नर्स मधूनमधून कपातून बर्फाचे खडे आणायची. आजोबांनी पहिला खडा खिडकीकडे धरला. मग नुसती मान हलवली. तिला वाटलं बर्फ नको आहे.

बाबांचा रोज फोन यायचा. मी फोन उशीवर, त्यांच्या कानाशी ठेवायची. एक दिवस आजोबा म्हणाले, "यंदा येतो रे मी. बस बुक कर."

"हो बाबा. शुक्रवारची करतो."

"शुक्रवार कशाला?" आजोबा म्हणाले. मधे श्वास घेतला. "शुक्रवारी सगळी दुनिया बाहेर पडते. रविवार घे. निवांत."

फोनमधून काही आवाज आला नाही. मला वाटलं लाइन गेली. मग बाबा म्हणाले, "बरं, बाबा. रविवार."

मी खुर्चीवरून उठले होते. आजोबांनीही तिकिटांचं तेच केलं असतं, अगदी तेच. त्या खोलीत मी सांगितलं असतं तर ते हसले असते, हसून खोकले असते, आणि वर्षभर लेकाच्या नावावर चाललेला विनोद माझ्या नावावर चालला असता. इतकं सोपं होतं. मी सांगितलं नाही. चार दिवसांनी ते गेले. जाताना त्यांच्या मनात हेच होतं की मुलाने हयगय केली आणि आपल्या पायांनी दगा दिला.

तुमचे बाबा आले, इथेच सगळं केलं आणि तेराव्यानंतर परत निघाले. ते बॅग भरत होते, मी त्यांचे शर्ट घडी करून देत होते. शेवटचा शर्ट देताना मी विचारलं, "तू त्यांना का नाही सांगितलंस?"

"काय?" ते म्हणाले, पण त्यांना कळलं होतं.

"तिकिटांचं."

त्यांनी बॅगेतले कपडे दाबून जागा केली. "मला वाटायचं, तू सांगशील. रोज फोन लावताना वाटायचं, आज सांगितलं असेल." त्यांनी शर्ट ठेवला. "त्या दिवशी बाबा रविवार म्हणाले ना, तेव्हा मी मुद्दाम थांबलो होतो. तुला वेळ देत होतो."

तो वेळ मला आठवतो. तो पुरेसा होता. मी त्यात आजोबांच्या पायांवरची चादर सारखी केली.